बंडी, डोंगा आणि साठेसाहेब

माझी बायको म्हणायची, "तुमच्या नोकरीत काम किती होतं आणि किस्से किती, ते मला कधी कळलंच नाही!" खरंच आहे म्हणा. एकाला हात घालावा तर चार बाहेर येतात, आणि त्यातले तीन साठेसाहेबांचे असतात.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून एकच चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर. साठेसाहेब पुण्याहून आलेले, मी त्यांचा कारकून, आणि जीपचे ड्रायव्हर रहीमचाचा. आमचं काम काय, तर उद्या पूर आला, पीक बुडालं, तर जंगलातल्या गावांना धान्य पोचवायचं कशानं, हे आधी फिरून बघायचं. रस्ता कुठवर आहे, बंड्या म्हणजे आमच्याकडच्या बैलगाड्या किती, डोंगे म्हणजे नावा किती, आणि कुठल्या गावात पावसाळ्याआधीच पोती ठेवावी लागतील.

"बोरकर, आपल्याकडून एक गाव चुकलं तर तिथल्या चुली विझतील हो," साहेब म्हणायचे. जेवताना म्हणायचे! माणूस सोन्यासारखा, पण सुखानं घास गिळू द्यायचा नाही.

*

चिमूरकडच्या एका रस्त्यावर साहेबांनी बांधावरच्या भाऊंना विचारलं, "पुढे गाडी जाते का हो?"

"जाते ना जी! काऊन नाई जाणार?"

गेलो. वळण घेतलं आणि जीप बसली की चिखलात! रहीमचाचा "या अल्ला" म्हणत उतरले, ते चप्पल आत सोडूनच वर आले. तोवर भाऊ मागून आले, आणि साहेब असे तापले, असे तापले! "अहो, तुम्ही तर म्हणालात गाडी जाते!"

"जाते ना. आत्ताच बंडी घेऊन आलो मी."

भाऊंनी आपल्या बंडीचे बैल सोडले, जीपला दोर बांधला आणि हाकारा केला. जीप हलली. भाऊ बैलांच्या पुढे चालता चालता मागे वळून म्हणाले, "पाहा साहेब, जाऊन राह्यली का नाई गाडी?"

त्यानंतर साहेब शहाणे झाले. आधी विचारायचे, "गाडी म्हणजे कोणती गाडी?" वडशाला तसं विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "तुमाले कोणती पाह्यजे, चांद्याची का गोंद्याची?" तिथं रेल्वे होती ना!

*

वैनगंगेच्या काठी एक म्हातारा ढीवर जाळं विणत बसला होता. त्याचा डोंगा शेजारी पालथा घातलेला. साहेबांनी विचारलं, "यात माणसं किती बसतात?"

"माणसं कशी हायेत, त्याच्यावर हाय."

"म्हणजे लठ्ठ, बारीक असं?"

"नाई जी. मागं लग्नाचे बारा जण नेले, थेंब आत आला नाई. आन् एकडाव चौघं बसवले, तर मधातच उलटला."

"चौघांत कसा उलटला?"

"सख्खे भाऊ होते. वाटणी करून येऊन राह्यले होते!"

साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बोरकर, हे लिहायचं कसं?" मी म्हणालो, "साहेब, सोडून द्या."

*

दिवाळी झाली की वडशाकडे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रा आणि जत्रेत नाटक. नाटक म्हणजे आमच्या झाडीपट्टीचा जीव! नेमके त्याच दिवसांत साहेब एका बंडीवाल्या पाटलांकडे गेले आणि म्हणाले, "समजा, संकट आलं. तुमच्याकडच्या किती बंड्या मिळतील?"

पाटलांनी सुपारी कातरत विचारलं, "संकट कवा येऊन राह्यलं?"

"ते काय सांगून येतं का?"

"मंडईच्या आधी नका आणू जी. मंडई झाल्यावर आलं, तर लागन तेवढ्या घेऊन जा."

साहेब हताश. पण दिवे लागायच्या वेळी त्यांना नाटकाला नेलं, तर काय बघतात! चारी वाटांनी बंड्याच बंड्या. म्हातारे, लेकुरवाळ्या, चटया, भाकरीची गाठोडी. कुणी हुकूम काढला नव्हता की बिल्ला लावलेला माणूस उभा नव्हता, तरी एक बंडी दुसरीला अडली नाही. नायिका रंगमंचावर रडून रडून थकली आणि आमचे साहेब नाटकाकडे पाठ करून बंड्या बघत बसले.

रहीमचाचा त्यांच्या कानाशी लागले. "साहब, एक काम करो. जिस गाँव में मुसीबत आये, वहाँ नाटक लगा दो. पूरा जिल्हा बंडी लेके हाजिर!"

*

एक अगदी छोटा. एटापल्लीच्या वाटेवर एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती. साहेबांनी जीप थांबवली. "बाई, डोक्यावर किती ओझं नेता येतं हो तुम्हाला?"

ती हसली. "बाजाराले जातानी थोडं."

"आणि येताना?"

"घराकडे जातानी कितीबी!"

जीप पुढे निघाली तरी साहेब मान वळवून त्या भाऱ्याकडेच बघत राहिले. त्यांची आई मागच्याच वर्षी गेली होती.

*

आता हा शेवटचा. हा ऐकताना हसू नका.

पर्लकोटा नदीच्या पलीकडे माडिया आदिवासींचं एक गाव होतं. पाऊस लागला की ते तुटायचं ते तुटायचंच. आदल्या पावसाळ्यात धान संपलं आणि लोकांनी रानातले कंद खाऊन दिवस काढले. साहेब वर भांडले, अक्षरशः भांडले, आणि त्या गावासाठी तांदूळ मंजूर करून आणला. उन्हाळ्यात पोती नदीपार नेली आणि जुरीबाईच्या घरी माळ्यावर रचली. जुरीबाई गावात सगळ्यांत म्हातारी, तिचा शब्द अख्खं गाव मानायचं. बोली तिची माडिया, मराठी मोडकीतोडकी. निघताना साहेबांनी हात जोडले आणि आपण सगळे म्हणतो तसं म्हणाले, "येतो बाई."

तिनं मान हलवली.

पावसाळा निम्मा सरला आणि त्या गावचा कोतवाल डोंग्यातून आमच्या मुक्कामी आला. "साहेब, पोरं मोहफुलं उकडून खाऊन राह्यले. म्हातारे अंथरुणाले लागले."

साहेब ताडकन उठले. "तांदूळ कुठे गेला? चोरीला गेला? भिजला?"

"नाई जी. पोती जशीच्या तशी हायेत. कोणी हातबी नाई लावला."

"अरे, पण का?"

कोतवाल त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुमीच तर म्हनले ना, येतो. बाई म्हनते, नवं धान ज्यानं आणलं त्यानं पह्यला घास घ्याव, मंग गावानं. रोज नदीवर येऊन तुमची वाट पाहून राह्यली."

मी म्हणालो, "अरे, जा आणि सांग तिला, साहेबांनी खायला सांगितलंय म्हणून!"

"मीनंबी तसंच सांगून पाह्यलं जी. ऐकत नाई. म्हनते, पाव्हणा खोटं काऊन बोलन?"

साहेबांना पोहता येत नव्हतं. नदी लाल, फुगलेली, झाडं वाहून नेणारी. रहीमचाचांनी तर त्यांचा सदराच धरून ठेवला. पण साहेबांनी बूट काढले, डोंग्यात बसले, डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी माझा दंड धरला. मीही घाबरलो होतो, सांगायला लाज कसली!

पलीकडे जुरीबाई उभी होतीच. साहेबांचा हात धरून तिनं त्यांना घरी नेलं, पोतं सोडलं, भात रांधला आणि पळसाच्या पानावर पहिला त्यांना वाढला. साहेबांनी एक घास तोंडात घातला आणि ते ढसाढसा रडायलाच लागले. बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग पोरांकडे वळून काहीतरी म्हणाली, आणि पोरं पानं घेऊन बसली. म्हाताऱ्यांना घरोघरी भात गेला. त्या दिवशी त्या गावात प्रत्येक चूल पेटलेली मी बघितली.

निघायची वेळ झाली. साहेब उठले, हात जोडले, आणि जन्माची सवय, तोंडातून गेलंच, "येतो बाई."

जुरीबाईनं त्यांचे जोडलेले हात आपल्या हातात धरले आणि विचारलं, "कवा?"