माशांचं पेव

घराला रंग द्यायचा म्हटलं की आमची पोरं आधी डबे आणतात. मी विचारतो, "घरातले जीव कुठं नेणार?" पोरं हसतात. आता घरात जीव म्हणजे एक मांजर. ते आपलं आपण बाहेर जातं. तरी मी विचारतोच.

आमच्याकडं मासे होते. खायचे नव्हेत, बघायचे. आमच्या तेरसारख्या नदीकाठच्या गावातल्या माणसाला माशाचं काय कौतुक? पण काचेच्या पेटीत लाल मासे पोसणारं घर गावात आमचं एकच. निजामाचं राज्य गेलं, मुलूख हिंदुस्थानात सामील झाला, तेव्हा धाराशिवचे एक म्हातारे अंमलदार बाडबिस्तरा घेऊन हैदराबादला निघाले. आमचे आबा त्यांना कैक वर्षं ज्वारी पुरवायचे. जाताना त्यांनी ती पेटी तीन माशांसकट आबांना दिली. लोखंडी सांगाडा, चारी बाजूंनी काच, तळाला फरशी. मासे मडक्यात अन् पेटी कडब्यावर, अशी बैलगाडीनं आणली. वाटेत गाडी अशी हिंदकळली की पेटीचे सांधे ढिले झाले ते झालेच. डांबर भरलं. एका जागी बसली तर गळायची नाही, हलवली की पाझरायची.

पुढं आबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. आबा म्हणजे गावातली पेवं उघडणारा माणूस. हल्लीच्या पोरांना पेव सांगावं लागतं: धान्य साठवायला जमिनीत खणलेली खोल खोली. तोंडावर दगड ठेवायचा, वरून शेणमातीनं लिंपायचं, वारा आत जाता कामा नये. असला माणूस बाजेला खिळला. बाज पेटीसमोर टाकली, ती तिथंच राहिली. त्यांचं बोलणं तुटलं होतं, पण डाव्या हातानं भाकरीचा चुरा टाकताना शब्द बरोबर यायचे. "ये गं भवाने, ये." मासे पण वर यायचे. म्हाताऱ्याचा दिवस त्यावर जायचा.

अन् एका दुपारी दवंडी आली. उद्या हिवतापवाले घरोघर औषध मारणार, भांडी, धान्य, माणसं बाहेर काढा. औषध म्हणजे डीडीटी. पलीकडच्या गावात मारलं तर ढेकूण, झुरळं उताणी पडली म्हणून लोक खूश होते. ज्यानं झुरळ मरतं, त्याचा शिंतोडा पाण्यात पडल्यावर मासा काय जगतो?

आबांनी एवढंच विचारलं, "मासे?"

"मी हाय की," मी म्हणालो.

पेटी हलवायची नाही, म्हणजे मासेच हलवायला पाहिजेत. घरात मोठं मातीचं भांडं एकच, पिण्याचा रांजण. बायकोला विचारलं तर ती चुलीपुढून उठलीच.

"अवं, पिण्याचा रांजण हाय त्यो! गळ्यात माळ हाय माझ्या. मासं घालता व्हय त्यात?"

"मग काय तांब्याच्या घागरीत घालू? पाणी कळकून मरतील."

"तुमच्या मुंडाशात घाला."

मी दुसऱ्यांदा विचारणाऱ्यांतला नाही. पेटीच्या तोंडावर फळी ठेवली अन् शेणमातीनं कडेनं लिंपून टाकली. असं लिंपलं की आबांना पण खोड काढता येऊ नये. दुनियेत वारा अडवायची याहून चांगली रीत मला कुणी दाखवावी.

सकाळी हिवतापवाले शेजारच्या घरात पोचले. पिचकारीचा आवाज भिंतीतून येत होता. त्यांचा जमादार आमच्या दारात डोकावून म्हणाला, "चच्चा, सामान निकालो. मच्छी कू भी निकालो, नै तो मर जाती."

"लिंपलंय," मी म्हणालो.

मी अन् शेजारी आबांची बाज उचलायला वाकलो, तर आबांनी डाव्या हातानं खांब धरला. सोडीनात.

"आबा, औषध मारणार हैत. चला भाईर."

"आधी मासे."

"मासे सुखात हैत. एक थेंब आत जाणार न्हाय."

आबा काचेकडं बघत होते. मी पण बघितलं. तिन्ही मासे फळीला तोंडं लावून, तोंडं उघडीत अन् मिटीत होते. खाली एकही नव्हता.

"पेव केलंस की रं," आबा म्हणाले. थोडं थांबून, एकेक शब्द ओढत, "कंदील सोड आत."

पेव उघडलं की माणूस लगेच उतरत नाही. दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला की समजायचं, आतला वारा माणूस खातो. ही रीत मला पण ठाऊक होती, पण कंदील अन् मासे यांचा मेळ लागेपर्यंत बायकोला लागला होता. तिनं उंबऱ्याशी रांजण कलंडला. दोन कोसांवरचं वाटावं असं जपलेलं पाणी अंगणात धो धो गेलं.

"बघता काय? फळी काढा! अन् पेटीतलंच पाणी घाला, इहिरीचं नको. मामांजी, खांब सोडा आता."

आम्ही तांब्यातांब्यानं पाणी नेलं, त्या पाण्यासंगट मासे नेले. रांजण लिंबाखाली ठेवला, त्याच्या पलीकडं आबांची बाज. जमादार हसून म्हणाला, "बुढ्ढे से पहले मच्छी!" अन् आत गेला.

मी मात्र पिचकारी सुरू व्हायच्या आधी फळी पुन्हा बसवली अन् पुन्हा लिंपली. भिंती पांढऱ्या झाल्या, फळी पांढरी झाली, पण पेटीत एक थेंब गेला नाही. लिंपणं चुकलं होतं असं कुणी म्हणू नये.

संध्याकाळी मासे परत न्यायला निघालो तर आबांनी रांजणाच्या काठावर हात ठेवला. "पेव उघडलं की लगेच उतरू न्हाय." मग घर वास सोडेपर्यंत म्हातारा अन् मासे लिंबाखालीच राहिले. लकवा झाल्यापासून आबांनी आभाळ बघितलं नव्हतं. रांजणात वरून माशांच्या नुसत्या लाल पाठी दिसायच्या. आबा चुरा टाकायचे अन् वर बघायचे. येणारे-जाणारे दोन शब्द बोलून जायचे.

मासे पेटीत परत गेले. बाज काही पहिल्यासारखी घरात खिळून राहिली नाही. दिवसा ती लिंबाखालीच असायची, पुढं आबा असेतोवर. मला गाव हट्टी म्हणतं. हे बियाणं कुठलं, ते त्या गावानं आबांना खांब धरताना बघायला पाहिजे होतं.

बायकोनं दुसरा रांजण आणवला. जुन्यात तिनं परत पिण्याचं पाणी भरलं नाही, पण फोडूही दिला नाही.