‘सोबत’चा रकाना

विजयाताई गेल्या हे मला व्हॉट्सॲपवर कळलं. सकाळचे साडेनऊ झाले होते. लोणावळ्यातल्या आमच्या चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगचं टेबल नुकतंच लागलं होतं. फोन लागोपाठ वाजायला लागला, तसा एका हाताचा मोजा काढून पाहिलं, तर ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग आणि वर ताईंचं नाव. ताईच कुणाची तरी फिरकी घेत असतील असं क्षणभर वाटलं. त्यांच्या घरी फोन लावला, पुतण्याने उचलला. “चहा ठेवून खुर्चीत बसली आत्या, आणि...” मी टेबल दुसरीवर सोपवलं आणि निघाले. वाटेतही फोन वाजतच होता. निम्म्या जणींनी एकाच फुलाचा फोटो पाठवला होता, आणि माझ्या डोक्यात ताईंचा आवाज चालू होता, “शैला, बघ, हेच फूल हिने गेल्या महिन्यात स्वतःच्या सासऱ्यांना वाहिलं होतं.”

ताई रेल्वेत तिकीट खिडकीवर होत्या. तीस वर्षं. माणूस समोर दहा सेकंद उभा असतो, तेवढ्यात तो कुठे चाललाय हे तो सांगतो आणि कशाला चाललाय हे आपल्याला दिसतं, असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर त्या माझ्या शेजारच्या इमारतीत राहायला आल्या, मीच त्यांना आमच्या ‘पॅकिंग परिवार’ ग्रुपवर घेतलं, आणि त्यांना शोध लागला की आता सगळं जग दिवसभर खिडकीसमोरच उभं असतं. डीपी, स्टेटस, रील, फॉरवर्ड... त्या सगळं निवांत पाहायच्या आणि कुणी मागितलं तर त्याच्या पोस्टींवरून त्याचं ‘तिकीट’ लिहून द्यायच्या. रकाने ठरलेले: कुठून, कुठे, वर्ग, सामान, सोबत. माझं पहिलं तिकीट असं होतं: “कुठून: कामावरून. कुठे: कामावर. वर्ग: उभ्याने. सामान: इतरांनी उचलायचं राहिलेलं. सोबत: घड्याळ.” मी स्टेटसला पाणी कधी येणार नाही आणि वीज कधी जाणार एवढंच टाकते, त्यावरून काढलेलं. राग यायला हवा होता, पण खोटं काही नव्हतं.

हळूहळू ग्रुपबाहेरचे लोकही तिकीट मागायला लागले. लोहगडवाडीला गडाच्या वाटेवर पिठलं-भाकरीचा स्टॉल लावणाऱ्या एक मावशी आमच्या ओळखीच्या. त्यांच्या स्टेटसवर भाकरी कधीच नसे, फक्त ढग. ताईंनी लिहिलं, “वर्ग: अगदी वरचा. सामान: खाली ठेवलेलं.” मावशींनी ते नातवाकडून वाचून घेतलं आणि आम्हाला म्हणाल्या, “आगं, पिठलं तर रोजचंच हाय. ढग कुटं रोज सारखं असत्यात?” ताई स्वतः मात्र काही टाकत नसत. त्यांच्या डीपीवर खिडकीचा पडदा होता. कुणी म्हटलं, ताई, तुमचं तिकीट कुठाय, की उत्तर ठरलेलं, “कर्मचाऱ्यांना पास असतो.”

त्या एकही रकाना रिकामा सोडत नसत. खिडकीवरची शिस्त. रकाना रिकामा दिसला की त्यांना अपुरं वाटायचं, जसं मला सील न केलेलं पाकीट दिसलं की वाटतं. गडबड झाली ती या शिस्तीमुळे.

आमच्या कारखान्यात एक मुलगी काम करायची, तिला इथे कोमल म्हणते. गाव नवलाख उंबरे. पुढे तिला गावाजवळच्या एमआयडीसीत एका कंपनीत काम मिळालं, पण ती ग्रुपवर राहिली. तिनं तिकीट मागितलं आणि ताईंनी ते सगळ्यांसमोर टाकलं: “कुठून: घरून. कुठे: ऊन असेल तिथे. वर्ग: खिडकीजवळ. सामान: एक पिवळी ओढणी. सोबत: टोपीवाली सावली, खांद्यापासून वर.” तिच्या बारा फोटोंत बारा ठिकाणं होती, आणि प्रत्येकात खालच्या कडेला फोटो काढणाऱ्याची सावली पडलेली होती. एकच टोपी, एकच खांदे. आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. ग्रुपवर हशा झाला. हसणारे चार चेहरे मीही टाकले. कोमलची मामी याच ग्रुपवर आहे हे ताईंनाही माहीत होतं आणि मलाही, आणि त्या घटकेला आम्हा दोघींनाही ते आठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कोमलचा फोन बंद. तिसऱ्या दिवशी तिच्या कंपनीतल्या मैत्रिणीचा मला फोन आला. भावाने फोन काढून घेतलाय, काम बंद केलंय, रविवारी पाहुणे बघायला येणार आहेत आणि त्याच बैठकीत सुपारी फोडून टाकायची असं ठरलंय. त्या स्थळाला कोमलने आधीच नाही म्हटलं होतं. आता तिचं नाही ऐकायला कुणी तयार नव्हतं. हे सांगायला मी ताईंकडे गेले तर त्या चष्मा लावून तेच बारा फोटो एकामागून एक बघत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुझ्या घरात टोपी आहे का गं?” मिस्टरांची उन्हाची टोपी होती. “ती घे. आणि स्कूटर काढ.”

मार्गशीर्षातलं स्वच्छ ऊन होतं. जुन्या हायवेने निघालो. मागे ताई टोपी घालून, पदर खोचून बसलेल्या. वडगावच्या फाट्यावर त्यांनी स्कूटर थांबवायला लावली आणि टपरीवर चहा सांगितला. मग दुसरा सांगितला. मी घड्याळ बघत होते. पोरगी तिकडे कोंडलेली, रविवार परवावर, आणि या बाई बिस्किट बुडवून खातायत. “ताई, उठा आता,” मी जरा चढ्याच आवाजात म्हटलं. “ऊन अजून वर आहे,” एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, घाबरल्या, वेळ काढतायत. घाबरल्या होत्याच. पण साडेचार वाजून गेल्यावर मला म्हणाल्या, “तिची पहिली शिफ्ट तीनला सुटते. म्हणजे फोटो पाचचे. मघाशीच गेलो असतो तर माझी सावली आखूड पडली असती.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी स्कूटर काढली.

भाऊ दारातच उभा होता. पंचविशी ओलांडलेला, कंपनीचा शर्ट, डोळे तारवटलेले. आतल्या दाराआड पिवळं काहीतरी हललं.

“कोण तुमी?”

“मी ती तिकीटं लिहिणारी,” ताई म्हणाल्या. “आणि ती सावली माझी आहे.”

“तुमची?”

“फोटो मीच काढलेत. रिकामी बाई मी, पोरगी सुटली की जायचो फिरायला.”

“मंग टोपीवाली सावली म्हनून कशाला लिवलं? सवताचं नाव नाय टाकता आलं?”

“गंमत होती रे. स्वतःचं नाव टाकलं तर गंमत कसली?”

त्याने खिशातून कोमलचाच फोन काढला, त्यातला एक फोटो उघडला आणि अंगणाकडे बोट केलं. “मंग ऱ्हावा उभ्या तितं. माझा फोटो काडा. बगू द्या मला सावली.”

ताई अंगणात गेल्या. पाठीवर ऊन घेतलं, टोपी नीट केली, स्वतःचा फोन दोन्ही हातांनी वर धरला. भाऊ समोर. ताईंची सावली शेणाने सारवलेल्या जमिनीवरून लांबत त्याच्या पायांपर्यंत गेली. तो हातातल्या फोटोकडे बघायचा, मग जमिनीकडे. मी स्कूटरच्या हँडलला धरून उभी होते. मला दिसत होतं की खांदे जुळत नाहीत. फोटोतले खांदे रुंद आणि सरळ होते, ताईंचे साठी ओलांडलेले, खाली ओघळलेले. सावली लांब करता येते, रुंद करता येत नाही. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढली नाही. शेजारच्या ओट्यावर दोन बाया येऊन थांबल्या होत्या...

तेवढ्यात कोमलची आई पदराला हात पुसत बाहेर आली. आम्हा दोघींना तिनं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. तिनं ताईंकडे पाहिलं, जमिनीवरच्या सावलीकडे पाहिलं आणि म्हणाली, “आरं, ह्याच त्या मावशी. मागं बी आल्या व्हत्या, तू कंपनीत गेलतास. व्हय ना वो मावशी?”

ताई म्हणाल्या, “व्हय.” जन्मभर शहरी बोललेल्या बाईच्या तोंडी तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

“मंग पावन्यांना उन्हात काय हुबं केलंस? च्या टाकते,” असं म्हणून आई आत गेली. भावाने फोन खिशात घातला आणि रस्त्याला लागला. चहा मी कसा प्यायले ते आठवत नाही. आईने कपबशा उचलताना ताईंकडे न बघता हळूच विचारलं, “त्यो पोरगा बरा हाय का?” ताई म्हणाल्या, “मला माहीत नाही, बाई. मी फक्त सावली पाहिली.”

परत येताना कामशेतला ताई मागून म्हणाल्या, “तीस वर्षांत एक रकाना रिकामा सोडला नाही गं. हा एक सोडायचा होता.” मी स्कूटर चालवत राहिले.

रविवारी पाहुणे आले नाहीत. आठवड्याने कोमल कामावर गेली. त्या टोपीवाल्याशी तिचं पुढे जमलं नाही. वर्षभरात दोघांनी आपापसात मिटवलं. सुटका वाया गेली असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. जमलं नाही हे तिनं ठरवलं, बैठकीतल्या माणसांनी नाही.

ताईंनी तिकीटं लिहिणं थांबवलं नाही. त्या थांबवतील असं मला वाटलं होतं. पण त्यानंतर एकही तिकीट आधी ग्रुपवर गेलं नाही. त्या माणसाला फोन करायच्या, सगळे रकाने वाचून दाखवायच्या, ‘सोबत’पाशी थांबायच्या आणि विचारायच्या, “पाठवू का?” समोरून नको आलं की तिथल्या तिथे पुसून टाकायच्या, कारण विचारायच्या नाहीत. बाल्कनीत बसून हे फोन चालायचे, मला स्वयंपाकघरात ऐकू यायचे. चांगली चांगली तिकीटं पुसलेली मी ऐकली आहेत. एकदा म्हटलंही, “ताई, एवढं छान जमलं होतं.” म्हणाल्या, “जमलं होतं ना? मग झालं.”

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हे लिहायचं ठरल्यावर मला पुढचं काम स्पष्ट दिसत होतं. गेल्या रविवारी दुपारी मी कोमलला फोन लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. चहाच्या टपरीपर्यंत आले तेव्हा ती म्हणाली, “काकू, थांबा. दादा आलाय.” मी थांबले. त्या घरात ते खोटं इतकी वर्षं झाकलेलं होतं, आणि इथे मी ते कागदावर उतरवून बसले होते. हा कागद आत्ताच फाडावा असं मनात आलं. पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. मग कोमल म्हणाली, “स्पीकरवर टाकलंय. वाचा.”

मी वाचलं. दार, टोपी, अंगण, न जुळलेले खांदे, आईचं ते वाक्य. आवाज सपाट ठेवला.

“सावली जुळली नव्हती, मावशी,” भावाचा आवाज आला. “मला तवाच कळलं व्हतं.”

“मग सोडलंत कशाला?”

“आई व्हय म्हनली. आन् त्या बाईंचा हात... जिमिनीवर सावलीतसुदिक लय थरथरत व्हता. माझ्यापाई म्हातारं मानूस एवढं भ्यालेलं मी कंदी बगितलं नव्हतं.”

ताई विचारायच्या तेच मी विचारलं, “पाठवू का?”

“माझं बी घाला त्यात,” तो म्हणाला. “मंग पाटवा.”