घोट्यातला आवाज

उजवा पाय कापावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी देवाशी कडाडून भांडलो. ढिवराचा पाय! तलावात उभं राहून मी जाळं फेकलं की अर्धा तालुका मासोळी खायचा, असा माझा लौकिक. (थोडा मीच पसरवलेला.) दिवसभर चघळायच्या खर्ऱ्यातल्या तंबाखूनं पायाच्या रक्तवाहिन्या बुजल्या होत्या. अंगठा कोळशासारखा काळा पडला होता.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाऊ, एक प्रयोग आहे. तुमच्याच कमरेच्या हाडातला मगज काढायचा आणि त्यातल्या मूळपेशी पोटरीत टोचायच्या. नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. खात्री नाही. आणि खर्रा सुटला तरच."

गावी आलो. तलावाच्या पाळीवर वाघोबाचा शेंदरी दगड आहे, त्याला खर्ऱ्याची शेवटची पुडी वाहिली. डोळे पुसले, नमस्कार केला आणि प्रसाद म्हणून तीच पुडी उचलली. प्रसादाला नाही कसं म्हणावं? मागे मोहफुलांची टोपली घेतलेली एक अनोळखी म्हातारी उभी होती.

"काऊन भाऊ, देवाले देऊन परत घेतं?"

"प्रसाद आहे, बाई."

"मंग पाय इथी ठेव, आनं पुडी घरी ने."

माझ्या हातून पुडी गळाली ती गळालीच. पुढचे आठ दिवस मी इतका पिसाळलो की गावची कुत्री मला पाहून वाट बदलत. हाडातून मगज काढला तेव्हाची माझी बोंब भद्रावतीपर्यंत गेली असावी. बायको म्हणते, मी नुसतं "आई गं" म्हटलं. मग वाट पाहणं. अंगठा गेलाच. बोकड, कोंबडा, नारळ, देवाशी सगळे सौदे करून झाले. शेवटी थकून म्हणालो, "बाबा, पाय तुझा. तूच पाहा."

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी घोट्यावर यंत्र टेकवलं. आधी खरखर. मग फुस्... फुस्... फुस्!

"हे काय होय, बाई?"

"तुमचं रक्त, भाऊ. वाट काढून आलंय."

"अजी, हे तं मोटारपंप चालू झाला!" बायको रडत हसली. मी खाटेवरून उठून नाचणारच होतो, नर्सबाईंनी दाबून धरलं.

ती म्हातारी मी आसपासच्या गावांत शोधली. कोणालाच माहीत नाही. कोण होती, यावर मी वाद घालत नाही. विज्ञानाचे पाय धरतो, वाघोबाचेही धरतो. आता तलावात उतरलो की उरलेल्या चार बोटांना चिखल गार लागतो, आणि मी काहीही न मागता हात जोडतो.