दोन कचरू आणि माझी कीर्ती

"काय करते गं तुझी सून? दिवसभर बटणं तर दाबते," असं शेजारची शशिकला एकदा नळावर म्हणाली. मी भरलेली बादली तिथंच ठेवली. म्हटलं, "बाई, ती बटणं दाबते म्हणून माझा नवरा आज ओट्यावर बसून पोहे खातोय. तू दाबून दाखव!" मी तोंडाची फटकळ आहे, अख्ख्या परदेशीपुऱ्याला माहीत आहे. सुनेचा विषय निघाला की जरा जास्तच.

कीर्ती देपालपूरची. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरात रडगाणंच चालू होतं. मिल बंद पडली, ह्यांचं काम गेलं, आणि कामाबरोबर कामगारांचा सरकारी दवाखानाही गेला. मुलगा बुद्धरत्न पीथमपूरच्या कारखान्यात लागला, तेवढाच आधार. सून तुकोगंजच्या एका नर्सिंग होममध्ये पावत्या फाडायला लागली.

मग तिकडे बिम्याचं नवीन चक्कर सुरू झालं. कॅशलेस म्हणतात त्याला. पेशंटनं पैसे भरायचे नाहीत. दवाखान्यानं कॉम्प्युटरवरून कागद बिमावाल्यांना पाठवायचे, तिकडून मंजुरी आली की पैसे परस्पर दवाखान्याच्या खात्यात. त्या मशीनला हात लावायला कुणी तयार होईना. ही म्हणाली, मी शिकते. पोळ्या लाटता लाटता मधेच पोळपाटावर कीबोर्डसारखी बोटं आपटायची. मी ओरडायची, "अगं, पोळ्या लाट, तबला काय वाजवतेस!" ती हसायची आणि परत आपटायची. दोन वर्षांत तिला काचेची केबिन मिळाली, खुर्ची मिळाली, आणि मोठमोठे लोक "कीर्तीजी, जरा बघा ना आमचं" म्हणत दारात उभे राहायला लागले. मी एकदा मुद्दाम डबा द्यायला गेले होते, ते बघायला.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ह्यांचा हर्निया अडकला. पोट दगडासारखं झालं. बुद्धरत्न कंपनीच्या कामानं पुण्याला गेलेला. मी ह्यांना टेम्पोत घातलं आणि सरळ सुनेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आतडं अडकलंय, संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालंच पाहिजे. दवाखान्याचे मालक म्हणाले, मंजुरी आणा, नाहीतर डिपॉझिट. मी गुपचूप हातातल्या पाटल्या काढून रुमालात बांधल्या. आईनं दिलेल्या, तेवढंच सोनं होतं माझ्याकडे.

कीर्तीनं बघितलं. "आई, त्या घाला परत. तुमच्या मुलाच्या कंपनीच्या बिम्यात बाबांचं नाव आहे. मी करते."

तिनं कागद पाठवले. उत्तर आलं आणि तिचा चेहराच उतरला. तिनं फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून एक पोरगा म्हणाला, "मैडम, कचरू इंगळे तो सिस्टम में एक्सपायर हो चुके हैं। पिछले साल।"

माझं डोकंच फिरलं. "अरे मुडद्या! तो अंदर चिल्ला कौन रहा है? भूत?"

कीर्तीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं.

खरी गोष्ट अशी, की आमच्या घरात कचरू इंगळे दोन होते. जुन्या काळी, धम्मदीक्षेच्या आधी, ज्या बाईची मुलं जगत नसत ती नवीन बाळ उकिरड्यावर ठेवून उचलायची आणि नाव ठेवायची कचरू. टाकाऊ समजून काळ त्याला सोडून देईल म्हणून. माझ्या सासूनं ठेवलं, चुलत सासूनंही ठेवलं. दोघं चुलत भाऊ एकाच दिवशी मिलमध्ये लागले. जन्मतारीख कुणाला ठाऊक? जॉबरनं, म्हणजे मिलच्या मुकादमानं, दोघांचीही एक जुलै लिहून टाकली. दोघांचे मुलगे एकाच कारखान्यात, एकाच बिम्यात. आणि इथल्या हिंदी मुलखातल्या हापिसांत बापाचं नाव मधे लिहायची पद्धत नाही. कचरू इंगळे, झालं. थोरले कचरू मागच्या वर्षी गेले. काळ फसला नाही, पण कॉम्प्युटर फसला!

ह्यांनी घरी दोघांची मिलची जुनी कार्डं जपून ठेवलेली, ती आणवून कीर्तीनं पाठवली. एकावर बाप सुखदेव, दुसऱ्यावर नामदेव. पोरगा म्हणाला, "मैडम, चेहरा तो एक ही है। एक आदमी दो कार्ड बनवा लेता है, ऐसे केस आते हैं।" त्याचंही चूक नव्हतं. भाऊ दिसायलाच तसे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

"आई," कीर्ती म्हणाली, "दोघं एकत्र उभे आहेत असा फोटो आहे कुठं?"

होता. एकच. महूला जयंतीला काढलेला, दोघं खांद्याला खांदा लावून. पण तो बडा गणपतीजवळ माझ्या थोरल्या जावेच्या, गंगूबाईच्या घरी भिंतीवर होता, आणि त्याला हार होता. नवऱ्याचा दुसरा फोटोच नव्हता तिच्याकडे, म्हणून हाच लावलेला. आमचे हे नेहमी चिडवायचे, "वहिनी, मला जिवंतपणीच हार घातलात!" त्या बाईला फोटो उतरव म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?

तरी गेले. सांगता सांगता रडायलाच आलं. गंगूबाई लगेच उठली. हार काढला, फ्रेम उतरवली. मागचे खिळे निघेनात, तर वरवंट्यानं काच फोडली आणि फोटो माझ्या हातात दिला. "पळ," म्हणाली.

कीर्तीनं तो स्कॅन केला, पाठवला, फोन लावला. आवाज चढवला नाही की विनवणी केली नाही. "भैयाजी, गौर से देखिए। बाईं तरफ वाले कचरू नामदेव, वो नहीं रहे। दाईं तरफ कचरू सुखदेव, मेरे ससुर। यहीं स्ट्रेचर पर हैं। आप लिखिए, मैं लाइन पर हूँ।" मी असते तर फोन आपटला असता. ती फोन धरून बसली, आणि पलीकडच्यानं अख्खी नोंद आमच्यासमोर दुरुस्त केली. ऊन उतरायच्या आत मंजुरी आली. स्ट्रेचर आत गेलं, तेव्हा माझ्या पाटल्या माझ्याच हातात होत्या. सांगते ना, पोटच्या पोरीचा नसता वाटला एवढा अभिमान वाटला मला.

आता कीर्ती कुठल्याही पेशंटला आधी विचारते, वडिलांचं नाव? ते मधे टाकते, मगच पुढं जाते.

फोटो तिनं नवीन फ्रेममध्ये बसवून स्वतः नेऊन दिला. परवा मी गंगूबाईकडे गेले तर भिंतीकडे बघतच राहिले. हार मधोमध नव्हता. तिनं दुसरा खिळा ठोकून तो एका बाजूला सरकवला होता, फक्त थोरल्यांच्या अंगावर येईल असा.

"हार वाकडा दिसतो गं," मी म्हटलं.

"दिसू दे," ती म्हणाली. "तुझ्या सुनेनं एवढं भांडून दोघांना वेगळं केलं. मी कशाला परत एका हारात घालू?"