आईचं वजन मी फळ्यावर लिहिलं

अन्याय झाला हौसाबाईवर. हौसाबाई म्हणजे माझी आई. मूळची आटपाडीकडची, मेंढरंवाल्याची बायको. फलटणच्या बाजूला मुलांच्या एका वसतिगृहात स्वयंपाकीण होती. साल चौऱ्याहत्तर. दसऱ्यानंतरचा दुसरा सोमवार. सकाळचे दहा. शाळेला जायच्या आधी पोरं पंक्तीला बसली होती.

कोठीतला धान्याचा काटा दोन गड्यांनी उचलून पडवीत आणला. लोखंडी फळीचा. ज्वारीची पोती त्यावर तोलायची. रेक्टर सर आले आणि म्हणाले, "हौसाबाई, चढ."

आईला वाटलं पोतं चढवायचंय. ती पीठ लागलेले हात झटकत इकडंतिकडं पोतं शोधायला लागली.

"पोतं नाही. तू चढ."

पंक्तीतनं एक आवाज आला. "सर, पोतंच की ते!"

पंक्ती हसली. चाळीस पोरं. बागाईतदारांची पोरं, घरी उसाचे मळे. तोंडात घास होता तो माझ्या आईनं थापलेल्या भाकरीचा.

आई चढली.

मी तेव्हा सतरा वर्षांची. आईच्या हाताखाली भांडी घासायची, भाजी चिरायची. सरांनी माझ्याकडं खडू केला. "तू सातवी झालीयस ना? काटा वाच. फळ्यावर लिही."

मी वाचला. चौपन्न किलो. आज किती पानं जेवली ते ज्या फळ्यावर लिहायचे, त्याच्याखाली मी लिहिलं : हौसाबाई, ५४. माझं अक्षर चांगलं आहे. तेव्हाही होतं.

कारण काय? तर कोठीतली ज्वारी कमी भरत होती. कुणीतरी चोरत होतं. आणि पुरावा काय? आईचं अंग. वर्षापूर्वी कामावर घेताना तालुक्याच्या दवाखान्यात तिला तपासलं होतं. त्या कागदावर छत्तीस किलो होतं. सर तो कागद पोरांपुढं हलवत म्हणाले, "आली तेव्हा नुसती हाडं होती. आम्ही देतो त्या दोन भाकरीवर माणूस इतका सुटतो होय?"

दर सोमवारी काटा लागणार, असं ठरलं. वाचणार मी. लिहिणार मी.

छत्तीस किलो कसे झाले होते, हे कुणी विचारलं नाही. म्हणून सांगते. बाहत्तरच्या दुष्काळात आई तलावाच्या कामावर खडी फोडत होती. एका उन्हाळ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत. सरकारी सुकडी मिळायची, भाजक्या पिठाची, ती ओच्यात बांधून आणायची आणि आम्हा भावंडांपुढं सोडायची. स्वतः पाणी प्यायची. तिची लग्नातली चोळी होती. दुष्काळात ती चोळी तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यागत लोंबायची.

मग इथं आलो. दोन वेळच्या दोन-दोन भाकरी आणि आमटी. तिचं पोट भरायचं, पण भूक मोडायची नाही. जेवून उठली तरी डोळे टोपल्याकडं. "मेली भूक कुटनं आलीया गं ही," म्हणायची आणि स्वतःलाच हसायची. सहा महिन्यांत चोळी अंगाला बसली. वर्षात चढेना झाली. दुष्काळाच्या आधी होती त्यापेक्षा आई जाड झाली. तिलाच लाज वाटायची. शिवण उसवून तिनं चोळीला दुसऱ्या कापडाची पट्टी जोडली.

मी तिच्या शेजारी बसून जेवायची. तिच्या ताटात किती भाकरी पडतात ते मला माहीत होतं. तरी त्या सोमवारनंतर मला शंका आली. हे लिहिताना हात थांबतोय, तरी लिहिते. पुढं चळवळीत दुसऱ्याच्या अन्यायाची पत्रकं मी खूप वाटली. ही गोष्ट दडवली तर त्या पत्रकांना अर्थ नाही.

आई आंघोळीला गेली तेव्हा मी तिची वाकळ उलटीपालटी केली. लुगड्याच्या घड्या सोडल्या. चुलीमागच्या गोवऱ्या हलवून बघितल्या. माझ्या आईची झडती मी घेतली.

ती दारात उभी होती. ओले केस.

"सापडलं का गं?" म्हणाली.

एवढंच. पुढं कधी त्यावर बोलली नाही.

त्या दिवसापासून ती एका भाकरीवर आली. फळ्यावर ५४ चे ५२ झाले. सर म्हणाले, "बघा. काटा लावला आणि चोरी थांबली." मग आई अर्ध्या भाकरीवर आली. पण आकडा हलेना. ५२. पुढच्या सोमवारी ५२. त्याच्या पुढच्या सोमवारी ५२. सर म्हणाले, "अजून कुठंतरी खाते ही."

अर्ध्या भाकरीवर चाळीस जणांच्या भाकरी थापायची. जाळापुढं बसूनही तिचे हात गार लागायचे. पीठ मळता मळता डोळा लागायचा. फणीत केसांचा पुंजका यायचा. मी म्हणायची, "आई, खा गं." ती म्हणायची, "सोमवार हुंदे."

संक्रांतीला तिनं तिळाची पोळी खाल्ली. एक नाही, तीन खाल्ल्या. खाताना रडत होती. पुढचे चार दिवस नीट जेवली. सोमवारी काट्यावर ५४. पंक्तीनं टाळ्या वाजवल्या.

माघात बापू आला. माझा बाप. दुष्काळातनं वाचलेली मेंढरं घेऊन तो खताच्या बोलीवर बागाईतदारांच्या रानात बसवायला यायचा. वसतिगृहाच्या कुंपणापलीकडच्या वावरातच त्याच्या मेंढरांचा वाडगा पडला होता. मी त्याला सगळं सांगितलं. झडतीचं सोडून सगळं.

त्यानं कळपातली एक मेंढी मानेला धरून माझ्यापुढं ओढली. तिच्या पाठीवर माझा हात दाबला. बोटं रुतली.

"ही दुष्काळात मराय टेकल्याली. खांद्यावर घिऊन फिरलो हिला. आन ती पल्याडची बघ, ती दुष्काळात मामाकडं पान्याच्या गावाला हुती. तिला उपास न्हाई घडला. दोगी एकाच रानात चरत्यात. पर ही बघ कशी भरलीया! निम्म्या गवतावर दुप्पट धरती. आन पयली चरबी धरती, मास मागनं. कळपात ईल त्या दुष्काळाला हेच बघतोय मी."

"का पण, बापू?"

"का म्हंजी? तिच्या अंगाला ठावं झालंय, गवात सपतं म्हनून." मग मेंढीला सोडत म्हणाला, "आता हिला मी चोर म्हनू व्हय? कुनाची गंजी खाल्लीस म्हनून इचारू?"

मी त्याच दुपारी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. ज्यांनी छत्तीस किलो लिहिलं होतं तेच डॉक्टर. त्यांनी ऐकून घेतलं. "तुझे वडील बरोबर सांगतात," म्हणाले. "उपासमार झाली की शरीर कमी जाळायला शिकतं. पुन्हा अन्न मिळालं की आधी चरबी साठवतं, आणि भूक जास्त लावतं. आता परत उपाशी ठेवलंत तर आणखी कमी जाळेल. ती बाई चोरी करत नाही. तिचं शरीर दुष्काळातच आहे अजून."

मला तिथं रडू फुटलं. म्हटलं, "हेच कागदावर लिहून द्या, डॉक्टर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेची माणसं रोज इथं येतात. मला या गावात राहायचंय."

म्हणजे बाप खरं सांगत होता, पण त्याला लिहिता येत नव्हतं. डॉक्टरांना लिहिता येत होतं, पण लिहायचं नव्हतं. लिहिणारी उरले मी. आणि मी काय लिहीत होते? ५२. ५४.

पुढचा सोमवार. काटा. पंक्ती. आई चढली. आता तिला सांगावं लागत नव्हतं, काटा दिसला की आपणच पदर खोचून चढायची. मला सगळ्यात जास्त ते लागलं. सरांनी दांडी बघितली. "पंचावन्न! लिही."

मी खडू खाली ठेवला. पदरानं फळा पुसला. म्हटलं, "सर, आता तुमी चढा. तुमचं बी लिवते."

ताटं वाजायची थांबली. सरांच्या पोटावर सदऱ्याची गुंडी ताणलेली होती, ती सगळी पंक्ती बघत होती. कुणी हसलं नाही. मी पंक्तीकडं बघितलं. चाळीस माना ताटात.

आई काट्यावरून उतरली. मला वाटलं मला जवळ घेईल. ती म्हणाली, "बाजूला हो गं. तव्यावर भाकरी जळतीया." आणि आत जाऊन तिनं भाकरी उलटली. राहिलेली पंक्ती पुरी जेवू घातली. दुपारी आमचं बोचकं रस्त्यावर होतं.

वसतिगृहाच्या नोंदवहीत लिहिलंय : ज्वारी चोरल्यावरून काढले. ती ओळ अजून तिथं आहे. मी बघून आलेय. आमच्यानंतरही कोठीतली ज्वारी कमी पडतच राहिली, हे तिथल्याच गड्यानं सांगितलं. पण त्यानंतर कुणाला काट्यावर उभं केलं नाही.

आज आम्ही सांगलीत राहतो. काटा नाही, फळा नाही. पण दर सोमवारी आई जेवत नाही. शेजारच्या बाया म्हणतात, शिंगणापूरच्या महादेवाचा सोमवार करते. महादेवाचा नाही तो. काट्याचा आहे. डॉक्टरांचं सगळं मी तिला दहादा समजावून सांगितलं. ती मान हलवते. आणि सोमवारी ताट बाजूला सारते. ते मला परतवता आलेलं नाही. येईल असंही वाटत नाही.

नोंदवहीतली ओळ मात्र खोडता येते.

तुम्ही चाळीस जण होता. आता कुणी पलटणीत असाल, कुणी कारखान्यात, कुणी मास्तर झाला असाल. हे पत्रक मुद्दाम तुमच्या गावांतनं वाटतेय. 'पोतंच की ते' कुणी म्हटलं ते मला नको. माफी नको. मला सही पाहिजे. एका कागदावर एवढंच लिहिलंय : हौसाबाईनं चोरी केली नाही, तिला आमच्यापुढं काट्यावर चढवलं, आम्ही बघत होतो. तो कागद घेऊन मी संस्थेच्या दारात बसणार आहे. ओळ खोडल्याशिवाय उठणार नाही.

कागदावर एक सही झालीय. ती माझी, कारण फळ्यावरचं अक्षर माझं होतं.

तुम्ही जेवत होता. दुसरी सही तुमची. या आणि करा.