टोलवाटोलवी

दादा तिच्यापेक्षा मोठा, तरी त्याच्या बुटांच्या नाड्या लहानपणापासून तीच बांधत आली होती. समज लहान मुलाची, पण कामाला वाघ. एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत तो टॉवेलांच्या घड्या घालायचा आणि घरी आला की दिवसभराचे किस्से सांगून तिचं डोकं उठवायचा. शिलाई मशीनची खडखड परवडली पण ह्याची बडबड नको, असं ती म्हणायची.

मग बडबड थांबली. जेवण कमी झालं. तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला. कामावर न्यावं तर दारातच बसकण मारायचा. एकदा त्यानं स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावा घेतला, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

नेहमीच्या डॉक्टरांनी मानही वर केली नाही. "मतिमंद आहेत ते. असं व्हायचंच."

"मतिमंद तो जन्मापासून आहे, डॉक्टर. हे नवीन आहे."

"शांत राहायची गोळी देतो."

गोळीनं तो शांत झाला खरा, लाळ गळेपर्यंत शांत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती शहाण्यासारखा बसलाय बघ." तिनं दार लावून घेतलं.

मानसोपचार विभागात सांगितलं, "आम्ही रुग्णाशी बोलून उपचार करतो. ह्यांच्याशी काय बोलणार? मतिमंदांच्या केंद्रात न्या." केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "मनाचा आजार आमच्याकडे नाही. मानसोपचारात न्या."

"त्यांनीच इकडे पाठवलंय."

"मग आम्ही परत पाठवलंय म्हणून सांगा."

परतताना रिक्षात ती दादावरच खेकसली, "तू तरी सांग ना काय होतंय ते." त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. रागाचा धनी कोणाला करावं, हेच तिला कळेना.

ती पुन्हा मानसोपचार विभागात गेली आणि बाकावर ठाण मांडून बसली. अखेर एका डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. त्यांनी खुर्ची तिच्यासमोर नाही, दादासमोर ओढली.

"कामावर तुमचा मित्र कोण?"

ती सवयीनं उत्तर द्यायला गेली, तर बाईंनी हातानंच थांबवलं.

"इस्त्रीवाले मामा," दादा म्हणाला. "मी टॉवेल जाळला. म्हणून मामा गेले."

पाय थकले म्हणून मामा काम सोडून मुलीकडे राहायला गेले होते. सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही. दादाला सांगायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. त्याला काय कळणार!

"समज कमी असणं वेगळं आणि हे वेगळं," बाई म्हणाल्या. "ह्यांना नैराश्य आलंय. ते बरं होतं." जुनी गोळी हळूहळू बंद झाली, नवी सुरू झाली. मामांनी फोनवर दादाला समजावलं, एकदा नाही, अनेकदा. हळूहळू ताट रिकामं होऊ लागलं.

ती लॉन्ड्रीत गेली. मुकादमानं दादाच्या जागी दुसरा माणूस घेतला होता.

"बरा झालाय ना? मग राहू दे की घरी आरामात. ह्यांना काय फरक पडतो, ताई?"

"फरक पडला म्हणूनच आजारी पडला होता तो."

"जागा निघाली की कळवतो," म्हणत तो निघूनही गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

बाहेर दादा ॲप्रन बांधून उभा होता. ती पायरीवर बसली, त्याला शेजारी बसवलं आणि झालेलं सगळं सरळ सांगितलं. तो रडला. त्या मुकादमाला चार शब्द सुनावायचे राहिले, म्हणून ती घरी पोचेपर्यंत धुमसत होती.