मापाचा बर्फ

दवाखान्यातून माझ्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी शालनसाठी बर्फाचे खडे डब्यात भरत होते. डायलिसिस सुरू झाल्यापासून तिला दिवसभराचं पाणी मापून मिळायचं. घोट लगेच संपतो, तेवढ्याच पाण्याचा बर्फ तोंडात जरा टिकतो, म्हणून तिच्या वाट्यातलं थोडं पाणी मी रोज गोठवून न्यायची. "आता डबा नको आणू," एवढंच ते म्हणाले. मी झाकण लावलं आणि सवयीने डबा पिशवीत ठेवला...

शालन माझी धाकटी नणंद. कवठे महांकाळजवळच्या गावातून शिकून नर्स झालेली. कायमची नोकरी जमली नाही, म्हणून सांगलीतल्या एका एजन्सीकडून ती फिरतीवर जायची. ज्या खासगी दवाखान्यात नर्स कमी पडतील तिथे दोन-तीन महिने, मग दुसरं गाव. कधी वाई, कधी कराड, शेवटी लोणंद. मधल्या सुट्टीत ती सांगलीत विश्रामबागला आमच्याकडे यायची, भिंतीला पाय लावून झोपून राहायची, आणि निघायच्या दिवशी तिची बॅग मी भरायची. ते काम मी कुणाला करू दिलं नाही.

तिला तब्येतीची फिकीर नव्हती असं कुणी म्हणू नये. लशी वेळेवर. शिरा फुगू नयेत म्हणून पायांत घट्ट मोजे. रात्रपाळीनंतर झोप लागावी म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी. मेसचं तेलकट नको म्हणून खोलीवर स्वतःची मुगाची खिचडी. हात धुऊन धुऊन बोटांना चिरा पडलेल्या. मी शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट द्यायची, ते संपायचं. निळी पाण्याची बाटली मात्र ती लोणंदहून निघताना भरायची आणि आमच्या टेबलावर तशीच भरलेली आणून ठेवायची.

"अगं, एवढ्या उन्हातून आलीस, घोटभर तरी प्यायचं!"

"आवं वहिनी, पानी पिलं की जावं लागतंय. जायचं कुठं? स्टँडवरच्या त्या घाणीत?"

"आणि दवाखान्यात?"

"तिथं बाथरूमला कुलूप हाय. किल्ली जुन्या सिस्टरांच्या पर्समधी. मागितली की म्हनत्यात, परत? मगाशीच गेलतीस की!" मान वाकडी करून ती त्या सिस्टरची नक्कल करायची. आम्ही हसायचो. माझा नवरा म्हणायचा, "आमच्या घरात एक उंट हाय." पेशंटच्या हातात मात्र ती पाण्याचा पेला द्यायची आणि तो संपेपर्यंत कॉटपासून हलायची नाही.

लघवीला जळजळ झाली की ती आपल्याच मनाने गोळ्यांचा कोर्स घ्यायची. डोकं दुखलं, गोळी. टाचा दुखल्या, गोळी. लोणंदला सकाळी डोळे सुजायला लागले, मोज्यांचे वळ दिवसभर पायांवर राहायला लागले. जागरणाने असेल, म्हणाली. शेवटी तिथल्याच लॅबवाल्याने तिचं रक्त घेतलं. "रिपोर्ट माझ्या हातात न्हाई दिला वहिनी, सरळ मोठ्या डॉक्टरांकडं नेला. तवाच समजलं," तिने फोनवर सांगितलं. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. सांगलीच्या डॉक्टरांना मी कारण विचारलं. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, ते म्हणाले. वरचेवरचं इन्फेक्शन, इतक्या वर्षांच्या वेदनाशामक गोळ्या, पोटात पाणी नाही...

मग सगळं उलटं झालं. सांगलीच्या दवाखान्यात तिच्या कॉटसमोरच स्वच्छ बाथरूम होतं, कुलूप नसलेलं, आणि तिला लघवीच होत नव्हती. तहान अशी की ओठांची सालं निघायची. एकदा त्या दाराकडे बघत म्हणाली, "बघा की वहिनी... किल्ली न्हाई, परत म्हनायला कोन न्हाई. आन् मला जायचंच न्हाई." मी उशीचा अभ्रा बदलायला घेतला. तो सकाळीच बदललेला होता.

शेवटच्या संध्याकाळी तिचा त्या दिवसाचा वाटा संपला, तरी डब्यात चुकून जास्तीचा आलेला एक खडा उरला होता. मी मापाची बाई, पण त्या दिवशी म्हटलं, "घे गं, एकाने काय होतंय?" तिने माझा हात बाजूला केला.

"पान्यानं वजन वाढलं की मशीनवर दम लागतोय. मी सिस्टर हाय, मला शिकवू नगा." मग जरा हसली. "उद्याला ठेवा त्यो." तो मी घरी आणून फ्रीजरमध्ये ठेवला आणि सकाळी बाकीच्या खड्यांबरोबर डब्यात घातला.

तिची बॅग मी आवरली. गणवेश धुऊन, इस्त्री करून एजन्सीतल्या मुलींना दिले. निळी बाटली आता मी कामावर नेते आणि दुपारपर्यंत संपवते. फ्रीज मी दर गुरुवारी साफ करते, जुनं असेल ते टाकून देते. बर्फाचा तो डबा फोन आला त्या दिवशी पिशवीतून काढून परत फ्रीजरमध्ये ठेवला होता. खडे आता एकमेकांना चिकटून एकच गठ्ठा झालाय, तिचा उद्याचा कुठला ते ओळखू येत नाही. दर गुरुवारी मी डबा बाहेर काढते, खालची जागा पुसते, आणि पाणी सुटायच्या आत परत आत ठेवते.